आमच्या माघारी

माझं लहानपण ‘आमच्या माघारी’ या दोन शब्दांखाली गेलं. आमच्या माघारी दादाचं कसं व्हायचं, असं माय भाकरी थापताना म्हणायची, धुणं वाळत घालताना म्हणायची, शेजारणीकडे पापड लाटायला गेली तरी म्हणायची. दादा माझा मोठा भाऊ. गोल चेहरा, तिरपे डोळे, बोबडं बोलणं. तेव्हाचे डॉक्टर अशा मुलांना मंगोल म्हणायचे. डाऊन सिंड्रोम हा शब्द आमच्या कानावर फार उशिरा आला. गल्लीतली पोरं त्याला येडं म्हणायची आणि मी त्यांच्या दारात जाऊन भांडून यायचे. माझी जीभ तिखट झाली ती तिथंच.

आपण गेल्यावर हा कुणाच्या दारात उभा राहील, ही एकच धास्ती आईबापाला होती. तिच्यावरचं उत्तरही त्यांनी ठरवून टाकलेलं होतं. ते उत्तर म्हणजे मी. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, म्हणून तक्रारीला जागा नव्हती.

आम्ही धनगर, मूळचे वैजापूरकडचे. पावसाळा सरला की आप्पा मेंढरं घेऊन औरंगाबादेकडे उतरायचे, चिकलठाण्याच्या शेतांमधून कळप बसवायचे आणि लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्यांकडून ज्वारी घ्यायचे. मग त्याच शेतांवर कंपन्या आल्या. चराई संपली, आप्पांनी मेंढरं विकली आणि जिथं कळप बसायचा तिथंच एका कंपनीच्या फाटकावर वॉचमन झाले. आम्ही उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांत राहायला आलो. कळप गेला, पण आप्पांच्या डोक्यातलं मेंढरांचं शहाणपण काही गेलं नाही.

त्या शहाणपणात एक गोष्ट पक्की होती. मेंढ्यांना देवी येते, निम्मा कळप बसतो तो उठत नाही; पण जी मेंढी त्यातून उठते तिला पुन्हा देवी येत नाही. आप्पा अशा मेंढीच्या कपाळाला भंडारा लावायचे आणि म्हणायचे, “पक्की झाली.” तिला ते कधी बाजारात काढत नसत.

दादा जन्मापासून आजारी. थंडी पडली की छाती भरायची, पाऊस पडला की कान वाहायचा, मध्येच ताप. गल्लीतल्या पोरांना जे एकदा व्हायचं ते दादाला व्हायचंच, आणि इतरांपेक्षा जास्त दिवस टिकायचं. तो उठून बसला की आप्पा शहरालगतच्या साताऱ्याच्या खंडोबाचा भंडारा काढायचे, त्याच्या कपाळाला लावायचे आणि तेच म्हणायचे, “पक्का झाला.” दादा त्यासाठी डोकं वाकवून उभा राहायचा. त्याला आजारपणाचं एवढं काही वाटत नसे. बक्षीस मिळाल्यासारखा तो पिवळं कपाळ घेऊन गल्लीभर फिरून यायचा.

त्याला कांजण्या आल्या त्या नामांतराच्या दंगलीत. विद्यापीठाच्या नावावरून खेड्यापाड्यांत घरं जळत होती. शेजारच्या खोलीत गावाकडचं घर जाळलं म्हणून एक बाई लेकरं घेऊन बहिणीकडे येऊन राहिली होती. शहरात संचारबंदी, डॉक्टर नाही, औषध नाही. मायनं दादाला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं. शेजारच्या त्या बाईनं, जिचं स्वतःचं घर गेलं होतं, बहिणीच्या चुलीवर त्याच्यासाठी पेज केली. दादा आठवडाभर तापात होता. मग उठला आणि डोकं वाकवून उभा राहिला.

“आता जल्मात नाय यायच्या याला कांजण्या,” आप्पा म्हणाले. “जितकं सोसंल तितकं लेकरू कणखर व्हईल. आपल्यापरीस लई जगंल बघा ते.”

त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता. प्रत्येक तापागणिक दादा पक्का होत चाललाय, आणि एवढा पक्का माणूस आपल्या माघारी चाळीस-पन्नास वर्षं सहज काढेल. मायची धास्ती त्यामुळे कमी व्हायच्या ऐवजी वाढली. आणि माझ्या गळ्यातली दोरी आवळली.

मला स्थळं येत होती. पाहुणे चहा घ्यायचे, पोहे खायचे, मग आप्पा अट सांगायचे की आमच्या माघारी पोरीचा भाऊ तिच्याजवळ राहील. पाहुणे व्हय व्हय म्हणायचे आणि बसस्टँडवर पोचेपर्यंत त्यांचा विचार बदलायचा. एका मुलाची आई मात्र तोंडावर म्हणाली, “पोरगी करायला आलो, बाबा, दत्तक घ्यायला नाय.” खरं सांगते, त्या सगळ्यांत मला तीच बाई आवडली. मग स्थळं येणं थांबलं. मी वाळूजच्या एका औषधकंपनीत पॅकिंगला लागले. सकाळी कंपनीची बस यायची, दादा खिडकीतून हात हलवायचा, मी चढायचे. असं पुष्कळ वर्षं चाललं.

दादाची तिशी आली आणि त्याचे केस पांढरे झाले. आम्ही हसलो. मग दात हलायला लागले, डोळ्यांत पडदा आला, जिना चढताना तो मध्येच बसायला लागला. एकदा आप्पा त्याला घेऊन शहागंजला कापड घ्यायला गेले होते, मीही होते. दुकानदारानं दोघांकडे पाहून विचारलं, “चचा, ये आपके भाई क्या?” दादाला ते इतकं आवडलं की तो घरी येईपर्यंत “भाई, भाई” म्हणत होता. घरी आल्यावर आप्पांनी दादाला उजेडात बसवलं आणि त्याचा जबडा उघडून दात पाहिले. मेंढराचं वय ते असंच पाहायचे. बराच वेळ पाहिलं आणि हात धुवायला गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दादाच्या बरगडीवर फोडांचा पट्टा उठला. नागीण. तो अंगाला हात लावू देईना. आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर होता, घाईत नव्हता. त्यानं दादाचं वय विचारलं आणि मान हलवली.

“याला लहानपणी कांजण्या आल्या होत्या का?”

“आल्या व्हत्या ना,” आप्पा घाईनं म्हणाले. “म्हणूनच म्हणतो साहेब, हे दुसरंच कायतरी आसंल. त्यातून तर तो पक्का झालाय.”

“त्याच आहेत या,” डॉक्टर म्हणाला. “कांजण्या गेल्या तरी तो विषाणू अंगात दडून राहतो. शरीर त्याच्यावर पहारा ठेवतं. हा पहारा ढिला पडतो तो बहुतेक म्हातारपणी. यांच्यासारख्या मुलांचा पहाराच मुळात कच्चा असतो, आणि म्हातारा होतो लवकर. आपल्याला सत्तरीत जे होतं ते यांना तिशी-चाळिशीत. आधी निघून गेलेला आजार परत येतो, नवा आला तर पेलवत नाही.”

“आन् जे सोसलं त्यानं?” आप्पांनी विचारलं. “त्यानं काय कणखर नाय झाला?”

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. “नाही, काका. उलट दर वेळी थोडा थोडा दमत गेला.”

आप्पा कंपनीच्या खाकी सदऱ्यातच आले होते. जन्मभर पहारा करणाऱ्या माणसाला डॉक्टर पहाऱ्याबद्दल सांगत होता. मी औषधाची चिठ्ठी घेतली. मला वाईट वाटायला हवं होतं. मला फक्त कळलं, पाढा कळावा तसं, की दादा आईबापाच्या माघारी उरणार नाही.

नागीण सुकली. दादा सवयीनं आप्पांसमोर डोकं वाकवून उभा राहिला. आप्पांनी भंडारा घेतला, लावला, पण ते शब्द काही त्यांच्या तोंडून निघेनात. दादानं वाट पाहिली. मग स्वतःच म्हणाला, “पक्का झालो.”

“व्हय,” आप्पा म्हणाले. “व्हय रे बाबा.”

पुढच्या थंडीत साधी सर्दी झाली. ती छातीत उतरली ती निघालीच नाही, आणि दादा गेला. विद्यापीठाला अखेर नाव मिळालं ते त्याच दिवशी. उस्मानपुऱ्यात ढोल वाजत होते, निळ्या पताका होत्या, चौकाचौकात पोलीस होते. शेजारच्या खोलीतली बाई, जिच्या बहिणीनं दादाला पेज केली होती, पेढे घेऊन आली आणि दारातली माणसं पाहून थबकली. तिनं पेढ्यांचा पुडा पदराखाली घेतला आणि मायजवळ बसून रडली. तिला एवढ्या वर्षांनी मिळालेल्या आनंदाच्या दिवशी ती आमच्यासाठी रडत होती. मी रडले नाही. आलेल्यांना पाणी दिलं, चपला नीट लावल्या, कंपनीत निरोप धाडला.

दहावा झाल्यावर माय आणि मी दोघीच घरात होतो. आप्पा कामावर गेले होते. त्यांना घरात बसवेना. मायनं दादाचे कपडे गाठोड्यात बांधले, गाठ मारली आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे असं, फक्त माझ्याकडे, पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. माझ्याही केसांत तोवर पांढरं आलं होतं.

“तुला उगं बांधून ठिवलं, बाई,” ती म्हणाली. “आमच्या माघारी, आमच्या माघारी करत ऱ्हायलो, आन् तो तर आमच्या म्होरं निघाला.”

मी चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

“आता तू मोकळी हायेस. जा, तुला जायचं तिकडं.”

“कुठं जाऊ?” मी विचारलं.

मी टोमणा मारला नव्हता, मला खरंच विचारायचं होतं. मायनं गाठोड्याची गाठ सोडली आणि पुन्हा मारली. तिलाही काही सुचलं नाही.