हे गाणं सुमन घोडके यांचं आहे

अन्याय सुमन घोडके यांच्यावर झाला. राहणार जहरा, कुवेत, मूळ परभणी, खासगी दवाखान्यात नर्स. वेळही सांगते: गेल्या नोव्हेंबरातला पहिला शुक्रवार, दुपारी सव्वाचार. त्या मिनिटाला एका ऑनलाइन फॉर्मवर गीतकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ असं लिहिलं गेलं. कोणी लिहिलं, त्यावर येतेच.

मी परभणी सोडली तेव्हा फलाटावर बॅगेवर बसून एजंटाने दिलेला करार चौथ्यांदा वाचत होते. कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंदोलनात दोन वर्षं पत्रकं लिहिली होती, त्यामुळे छापलेला प्रत्येक कागद मला आरोपी वाटायचा. आई दशम्यांच्या पिशवीला गाठ मारत म्हणाली, “वाच माय, पण माणसाच्या तोंडाकडंबी बघत जा कधी.” मी शिक्क्याकडे बघत होते. कुवेतला उतरल्यावर सिव्हिल आयडीवर माझं नाव अरबीत छापून आलं, तर ते दोन वेगवेगळ्या बकालावाल्यांकडून, म्हणजे किराणा दुकानदारांकडून, वाचून घेतलं. तेव्हा हसलेली बाई म्हणजे सुमनमावशी. मी त्याच दवाखान्याच्या लॅबमध्ये, आणि जहऱ्याच्या फ्लॅटमध्ये आमची खोली एक.

मावशी इथं आल्या तेव्हा त्यांची लेक वर्षा चार वर्षांची होती. निघायच्या दिवशी त्यांनी तिची वेणी इतकी आवळून घातली की पोर रडली. आपल्यामागे तिची वेणी कोण घालणार, हे माहीत नव्हतं. निदान आठ दिवस तरी टिकावी. त्यावर त्यांनी गाणं केलं, इथंच, युनिफॉर्मला इस्त्री करता करता. चाल ओवीची, शब्द त्यांचे:

वेणी घातली घट्ट, पुरंल आठ दिस
नवव्या दिशी सुटंल, तवा तू नको रुस

कोजागरीला इथल्याच रिग्गई भागातल्या एका फ्लॅटमध्ये आपल्या मराठी मंडळाची माणसं जमली होती. मावशींनी गाण्याआधी सांगितलं, “हे मी माझ्या वर्षासाठी केलंय. हसू नका.” कोणी हसलं नाही. मग गायल्या आणि मसाला दुधाचे पेले तसेच राहिले. परदेशातल्या भारतीयांची गाण्यांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा असते, एका देशातून एक एंट्री. कुवेतची एंट्री तिथंच ठरली. रेकॉर्डिंग राई भागातल्या एका गाद्यांच्या गोदामात झालं, कारण फोमच्या ढिगांमध्ये आवाज घुमत नाही. मावशी गाद्यांच्या दोन थप्प्यांमध्ये उभ्या राहून गायल्या.

मग तो शुक्रवार. आपल्या मंडळाची रीत तुम्हाला ठाऊक आहे: कुणाचं नाव छापायचं नाही. एका गणपतीला पत्रिकेत कोणाचं नाव आधी यावर दोन घरं बोलायची थांबली, तेव्हापासून नाटक असो, रांगोळी असो, सगळं ‘सादरकर्ते: मंडळ’. लॅपटॉप माझ्यापुढे होता. गीतकाराच्या रकान्याशी मी थांबले. सेक्रेटरीकाका म्हणाले, “अगं, पारंपरिक लिही. चाल तर ओवीचीच आहे ना? आणि परीक्षकांना पारंपरिक आवडतं.” मावशी कांदा चिरत होत्या. “लिव्ह बाई काहीबी, मला काय करायचंय नाव!” आणि मी, करार चारदा वाचणारी, तो शब्द टाइप करून पुढच्या रकान्यावर गेले. पत्रक लिहिणाऱ्या माणसाने समोरच्या बाईचं नाव गाळलं. याला दुसरं काही म्हणता येत नाही.

स्पर्धेत आम्ही सहावे आलो. पण अशा स्पर्धांमध्ये हरलेलं गाणं कधी कधी आपल्या मुलखात जाऊन पहिलं येतं. तिकडे एका कंपनीने त्याच्याखाली ढोल घातला, दुसरीच गायिका घेतली, आणि मराठी गाण्यांच्या यादीत ते कित्येक आठवडे एक नंबरला बसून राहिलं. हळदीला तेच, वरातीला तेच. खाली बारीक अक्षरात: पारंपरिक. कंपनीला गाणं दिलं कुणी? काका म्हणतात त्यांना माहीत नाही. आयोजक म्हणतात त्यांनाही नाही. मला दोघांचंही खरं वाटत नाही.

हेही एक वेळ सोडलं असतं. मावशींनी सोडलंच होतं. पण वर्षा मैत्रिणीच्या हळदीत त्या गाण्यावर नाचली आणि तिने आईला व्हिडिओ पाठवला. मावशींनी लगेच फोन लावला. स्पीकर चालू होता, मी भाकरी थापत होते.

“वर्षे, ते गाणं माझं हाय. तुझ्यावरच केलंय.”

“आई, काहीपण! पारंपरिक आहे ते. खाली लिहिलंय.”

“अगं, तुझी वेणी...”

“वेणी धाकट्या मावशीनं घातली माझी. कायम. इतकी वर्षं नव्हतीस, आता गाणं कशाला लावतेस माझ्या नावावर?”

मावशींनी फोन ठेवला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, आणि मला म्हणाल्या, “तिचं तरी काय चुकलं? छापलेलंच वाचती ती.” माझ्यावर एका शब्दाने रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी आयोजकांना लिहिलं. उत्तर आलं: एंट्रीच्या आधीच्या तारखेचा पुरावा द्या, नोंद दुरुस्त करू, मुदत या महिन्याअखेर. पुरावा म्हणजे कोजागरी. माझ्या फोनमध्ये फक्त गाणं आहे. त्याआधीचं बोलणं मीच कापलं होतं, स्टेटसला लांब होत होतं म्हणून.

गावाकडचे विचारतात, आता तुझं घर कोणतं? पूर्वी पटकन परभणी म्हणायचे. आता वाटतं, जिथं आपलं बोलणं खरं मानायला कुणी कागद मागत नाही ते घर. मावशींना तसं घर एकच होतं, वर्षाचं. ते मी टाइप करून घालवलं.

कोजागरीला रिग्गईत व्हिडिओ घ्यायला निदान वीस फोन वर होते. तुमच्यापैकी काहींना “कशाला भानगडीत पडता” असे फोन आलेत, तेही मला कळलंय. मंडळाची बदनामी होईल म्हणे. होऊ दे. तुमच्या फोनमध्ये मावशी “हे मी माझ्या वर्षासाठी केलंय” म्हणताना दिसतात. तो व्हिडिओ कापू नका, आवाज स्वच्छ करू नका, तारखेसकट आहे तसा मला पाठवा. आज पाठवा. आणि परभणीत वर्षाला ओळखत असाल, तर आधी तिला पाठवा.