चाचांचा होकार

आळेफाट्याला एसटीची वाट बघत होतो. जुन्नरचा ओळखीचा जीपवाला थांबला आणि म्हणाला, "मास्तर, बशीरचाचा सकाळी गेले. दुपारच्या नमाजनंतर माती हाय." मी शेजारच्या बूथवरून महाळुंग्याला घरी फोन लावला. शांतारामदादानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मातीला मी एकटाच गेलो.

बशीरचाचा सैन्यात आर्मरर होते. उभी हयात रायफली दुरुस्त करण्यात गेली. पेन्शनीत जुन्नरला आल्यावर तालुक्यातले निवृत्त फौजी त्यांना उस्ताद म्हणत. पहारेकऱ्याची नोकरी हवी तर स्वतःची परवान्याची रायफल लागे. सैन्यातून बाद झालेल्या, गोळीचं माप बदललेल्या जुन्या रायफली पुण्यात मिळत, आणि त्या घेताना चाचांना सोबत नेत. ते नळी उजेडाकडे धरून आत बघत, गंज कुठे खोल गेलाय ते सांगत, बोल्टवरचा, म्हणजे नळीमागं काडतूस कोंडणाऱ्या खिट्टीवरचा, नंबर आणि रायफलीवरचा नंबर जुळतोय का ते बोटानं चाचपत. पॉलिश केलेल्या लाकडाकडे ढुंकूनही बघत नसत. म्हणत, "पावडर लावलेलं तोंड हाय ते."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझा थोरला भाऊ, शांतारामदादा, फौजेतून परतला. एका कारखान्यात जागा होती. चाचांनी त्याच्यासाठी तीन रायफली बघितल्या, तिन्ही नाकारल्या. चौथ्या खेपेला मीही दुकानात होतो. नळी चांगली निघाली, पण बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा होता. चाचांनी रिकाम्या काडतुसाच्या बुडाला पत्र्याची बारीक चकती लावली आणि बोल्ट बंद केला. तो अडायला हवा होता... अलगद बंद झाला.

"मागं पोकळी हाय, शांताराम. काडतूस फाटंल. न्हाई घ्यायची."

"उस्ताद, परवा हजर व्हायचंय. दोन वर्षं घरी बसलोय. तुमी निस्तं चालंल म्हणा."

चाचा बराच वेळ बोल्ट उघडत राहिले, मिटत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चालंल. पण लवकर बोल्ट बदलून घे."

बोल्ट बदलायचा राहून गेला. चार महिन्यांनी कारखान्याच्या सरावात दुसऱ्याच गोळीला काडतूस फाटलं, आग मागं आली, आणि दादाचा उजवा डोळा गेला. नोकरीही गेली. तो एकच वाक्य धरून बसला, "उस्तादांनी हो म्हणलं व्हतं." दुकानात काय घडलं ते मला ठाऊक होतं. मी कधी तोंड उघडलं नाही. घरात आणखी वाद नको वाटला... त्या दिवसापासून चाचांनी एकाही रायफलीला हात लावला नाही. दर ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन आमच्या दारात येत. दादा आतून बाहेर येत नसे. चाचा डबा माझ्या हातात देऊन, चपला न काढताच परत जात. असं दहा-अकरा वर्षं चाललं.

माती होऊन तीन आठवडे झाल्यावर दादा आपणहून म्हणाला, "चल, चाचींना भेटून येऊ." चाचींसमोर तो मान खाली घालून बसला. "मीच त्यांना बोलायला लावलं, चाची. ते नाय म्हणत व्हते."

"मला माहीत हाय," चाची म्हणाल्या. "मी रोज त्यांना तेच सांगायची. पण माझ्या सांगण्यानं काय व्हतंय? त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचं व्हतं, बेटा."

चाचींनी खाटेच्या वरच्या खुंटीकडे बोट केलं. तिथे घडी घातलेला काळा रुमाल होता. रोज संध्याकाळी चाचा तो उजव्या डोळ्यावर बांधून बसत, तसेच जेवत, स्वतःचा चहा स्वतः ओतून घेत. "कपात कमी, बाहेरच जास्त," चाची म्हणाल्या. "सांडलं की म्हणायचे, बघ, त्याचं असंच व्हत असंल."

आमच्या घरी दादाच्या हातून चहा तसाच सांडतो. हे आम्ही बाहेर कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.