मझौलीची कासनी आणि माझी कॅमेलियाची कुंडी

मझौलीला गेले ते कॅमेलियासाठी. नणंदेला भेटायला नाही, हे आधीच लिहून टाकते.

दोन वर्षांपूर्वी एलटीसीवर दार्जिलिंगला गेलो होतो, तिथल्या नर्सरीतून हे रोप आणलं. येताना अख्ख्या प्रवासात मांडीवर धरलं. फूल गुलाबासारखं, पण काटा नाही आणि वासही नाही. नर्सरीवाला सांगत होता, हे चहाचंच भावंड आहे, आंबट माती लागते, सावली लागते, पाणी साचलं की मुळं कुजतात, चुना तर दाखवायचाच नाही. मी म्हटलं, भैया, पैसे घ्या आणि रोप द्या, गाडी निघून राहिली आमची.

खमरियात आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत असं झाड कोणाकडे नव्हतं. म्हणून रस्त्यावरून दिसेल असं ऐन उन्हात ठेवलं. दिवाळीला सगळ्या कुंड्यांना गेरू-चुना होतो, तसा हिलाही केला, आतून-बाहेरून. यंदा कळ्या धरल्या आणि एकेक करून तपकिरी होऊन गळल्या. पानं पिवळी पडली.

आमचे हे तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत. सीमेवर गडबड सुरू झाल्यापासून सुट्ट्या बंद, रोज जादा तास. मी म्हटलं, तुमच्या कुसुमला झाडांतलं कळते, तिच्याकडे नेते. हे म्हणाले, "जा. कॉफी संपली असेल तर तीही घेऊन ये."

ही कॉफी म्हणजे कासनीच्या मुळांची भाजलेली पूड. कासनी म्हणजे चिकोरी, बाजारच्या कॉफीत मिसळतात तीच. आमच्याकडे बरसीमच्या चाऱ्यात तण म्हणून उगवते आणि लोक उपटून फेकतात. कुसुम मुद्दाम लावते आणि दर वर्षी भावाला डबाभर पूड पाठवते. यंदाचा डबा संपला नव्हता, मी रिकामा केला होता. फळीवर जागा अडवून बसला होता म्हणून पंधरा दिवसांपूर्वी सगळी पूड खत म्हणून कॅमेलियाच्या कुंडीत ओतली आणि वरून बादलीभर पाणी घातलं. तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही. यांना म्हटलं, हो, संपली.

जाणाऱ्यांसाठी सांगते. खमरियाहून ऑटोनं आधी बड्या फुहाऱ्याच्या चौकात उतरा, खोव्याची जलेबी बांधून घ्या, गरमच घ्या. मग बस स्टँडवरून सिहोऱ्याकडची बस. सिहोऱ्यापासून मझौलीचा फाटा. मझौलीची थेट बस मिळाली तर नशीब, नाही तर सिहोऱ्याला बदला आणि तिथे मंगोडे, म्हणजे मुगाची भजी, खा. फाट्यापर्यंत रस्ता गुळगुळीत, फाट्यानंतर हाडं मोजत जायचं.

कंडक्टर म्हणाला, "दीदी, गमला छत पे रख दूँ?"

मी म्हटलं, "पहले तू बैठ छत पे, फिर गमला रखेंगे."

मागच्या सीटवरचा म्हातारा हसून म्हणाला, "बाई, पौधा तो वैसे भी मर गया है." त्याच्याशी मी मझौलीपर्यंत बोलले नाही.

मझौलीत वराहाचं जुनं देऊळ आहे, जाऊन बघा. दगडाचा वराह माणसापेक्षा उंच. सकाळी जा, गर्दी नसते. मी मात्र कुंडी घेऊन सरळ कुसुमच्या शेतावर गेले.

कुसुम कासनी खणत होती. पहारीनं आधी बाजूची माती सैल करायची, मग मूळ धरून सावकाश ओढायचं. मूळ मुळ्यासारखं, हातभर. घाई केली की मधेच तुटते आणि अर्धं आतच राहते. तिची बोटं मुळांच्या चिकानं काळी पडली होती आणि त्यांना भेगा होत्या.

"या वहिनी. दादा नाही आले?"

"त्यांना कुठली सुट्टी. हे बघ आधी, काहून मरून राहिलं ते."

तिनं हात धुतले, कुंडी आडवी केली, काठावर तळवा मारला आणि माती आख्खी बाहेर काढली. आतल्या कडेला चुन्याचे पापुद्रे. वर चार बोटं काळपट थर, चिखलासारखा घट्ट, बुरशी आलेला. त्याखालची मुळं कुजून मऊ झाली होती. कुसुमनं तो थर बोटानं फोडला आणि नाकाशी नेला. मी जलेबीचा पुडा सोडायला लागले.

"वहिनी, ही माझी पूड आहे."

"खत होईल वाटलं."

"खमरियात शेण मिळत नाही का?"

मी जलेबी पुढे केली. तिनं घेतली नाही.

"दादाचे हात थरथरतात, माहीत आहे ना तुम्हाला?"

"कधीपासून?"

"जादा तास लागले तेव्हापासून. एका पाळीत आठ-आठ कप चहा पिऊन राहिले. गोळ्याला फ्यूज बसवायचं काम त्यांचं. मला फोन केला, म्हणाले, कुसुम, यंदा जास्त पाठव, चहा सोडतो, त्यानं हात स्थिर राहत नाही, तुझ्या पुडीत कॅफीन नसते."

"मला नाही सांगितलं."

"सांगितलं असेल," कुसुम म्हणाली. "तुम्ही ऐकलं नसेल."

सांगितलं होतं. दर दोन दिवसांनी म्हणायचे, आज कॉफी कर ना. मी म्हणायची, तिला दहा मिनिटं उकळत कोण उभं राहील, चहा दोन मिनिटांत होते. मला ते चोचले वाटायचे. जे झाड नुसतं बघायचं, त्याला त्यांचं औषध घातलं आणि त्यानं ते झाडही मरायला टेकलं. कुसुमसमोर वर बघता येईना.

ती भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी कोणाला हार जात नाही. तिनं कुजलेली मुळं कापली, रोप जुन्या आंब्याखाली कुजक्या पाल्यात लावलं आणि साठवलेलं पावसाचं पाणी घातलं. म्हणाली, "इथेच राहू द्या. जगलं तर जगलं. याची मुळं वरच्यावर, याला सावली पाहिजे, पाणी पाहिजे पण निथरलेलं. कासनीचं उलटं आहे. ऊन द्या, थंडी द्या, खोल भुसभुशीत जमीन द्या, मग ती काही मागत नाही. पाला गायीला, कोवळी पानं डाळीत, मूळ दादाला."

दुसऱ्या दिवशी मी पहार घेतली. पहिली सहा मुळं तोडली. कुसुम बघत होती. दुपारपर्यंत दोन आख्खी निघाली. निघताना तिनं पिशवीभर ओली मुळं दिली.

"तयार पूड यंदा नाही देत, वहिनी. तुम्हीच करा."

बरोबरच होतं तिचं.

घरी येऊन मुळं धुतली, चकत्या केल्या, गच्चीवर कडकडीत वाळवल्या. मंद आचेवर भाजायच्या असतात. पहिला घाणा माझ्या घाईनं जळला. दुसऱ्याला स्टूल घेऊन कढईपाशी बसले. रंग विटकरी झाला, वास सुटला, मग कुटली. रिकामी कुंडी घासून चुना काढला आणि पायरीखाली ठेवली. शेजारीण विचारते, कॅमेलिया कुठे गेलं. मी सांगते, मारलं मी.

हे संध्याकाळी पाळीवरून आले. मी कप दिला. त्यांनी बशी धरली आणि कप बशीवर वाजायला लागला. हा आवाज मी कितीतरी दिवस ऐकत होते. मला वाटायचं, अजून चहा मागून राहिले.

एक घोट घेतला. "कुसुमची नाही ही."

"मी केली. तिची संपली नव्हती. मी कुंडीत ओतली."

यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "तू ओतली त्या दिवशी वास आला होता. फाटकातूनच आला. मी म्हटलं, आज कॉफी आहे. हातपाय धुऊन खाटेवर बसून राहिलो. मग तू चहा आणला."

"मग बोलले काहून नाही?"

"तू घाईत होती," हे म्हणाले आणि दोन्ही हातांनी कप धरून प्यायला लागले.