चौथा भाग विन्याकडे

"अहो सिस्टर, ठेवा ते खाली! पाचवा आहे तो! चौथ्याआधी पाचवा? अनर्थ होईल!"

सुधाकर ओरडत होता. नाकात ऑक्सिजनची नळी, हाताला सलाईन, आणि आवाज असा की केबिन रोडवर बोलला तर उत्तनच्या होड्या माघारी फिराव्यात. भाईंदर पश्चिमेच्या त्या लहानशा हॉस्पिटलातले तीन पेशंट दचकून उठून बसले. त्यातला एक तर, माझ्या मते, चार दिवस बेशुद्ध होता. सिस्टरनं उशाजवळची पिशवी आवरताना नुसतं एक पुस्तक उचललं होतं. "काका, हळू. बीपी वाढतंय," ती म्हणाली. तेवढ्यात मी दारात दिसलो. "हा बघा, चौथा भाग आला! विन्या, बस. सांग यांना." मी स्टुलावर बसलो आणि सांगितला. दोन दिवसांनी सकाळी त्याच्या बायकोचा, वृंदावहिनींचा फोन आला... त्याला आता पाच आठवडे झाले.

तुम्ही 'खारग्रह' वाचलेलं नसणार. सुधाकरनं ज्यांच्या गळ्यात बांधलं, तेवढेच लोक ते वाचतात. सात भागांची विज्ञान कादंबरी. पृथ्वी सोडून मिठाच्या ग्रहावर राहायला निघालेल्या चाळीस माणसांची. सुधाकर आणि मी तेव्हा गिरगाव सोडून नुकतेच भाईंदरला आलो होतो. आजूबाजूला मिठागरं, त्यामुळे हे आपल्यावरच लिहिलंय अशी आमची पक्की समजूत. केबिन रोडच्या एका रद्दीवाल्याकडे सहा भाग मिळाले. चौथा नव्हता. आता गंमत बघा. तिसऱ्या भागाच्या शेवटी तारा ही नायिका ग्रहावर उतरलेल्या यानाबाहेर अडकते, दार बंद, आणि हवा उरलीय दीड तासाची. पाचवा भाग उघडावा तर तीच तारा ग्रहावर पोरांना पाढे शिकवतेय आणि तिचा डावा हात मनगटापासून नाही! मधे काय झालं? सुधाकरनं डोंबिवलीपासून दादरपर्यंतची रद्दी उपसली. त्याचं वजन बारा किलो घटलं. शेवटी मला दया आली, आणि दयेपेक्षाही थापा मारायची सवय वाईट. मी म्हणालो, "मी वाचलाय चौथा. चिपळूणला, मामाकडे."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

आणि तिथेच, उभ्या उभ्या, मी चौथा भाग सांगितला. ताराला वाचवायला कुणीतरी हवं होतं. पेणकरपाड्याचे एक आजोबा तेव्हा आमच्याकडे ताडगोळे घेऊन यायचे; त्यांना मी सरळ उचललं आणि खारग्रहावर नेऊन ठेवलं. आजोबा मिठाच्या वादळातून चालत येतात, ताराच्या शिरस्त्राणावर टकटक करतात आणि विचारतात, "येकटी कनाला बसलीस गो पोरी? हवा न्हाय? माझेकरं हाय, घे." तिला ओढून काढताना हात तेवढा मिठात राहतो. सुधाकरच्या डोळ्यांत पाणी आलं. थाप मारून कुणाला रडवण्याची ती माझी पहिलीच वेळ, आणि खरं सांगतो, मला ते आवडलं.

पुढे तो दिसेल त्याला 'खारग्रह' वाचायला लावी. दातांच्या डॉक्टरांना त्यानं तोंडात यंत्र असताना गोष्ट सांगितली. खालच्या किराणावाल्या गुजराती शेठला म्हणाला, "पढो भाई, एकदम फर्स्ट क्लास है. तीन तक पढो, चौथा विन्या के पास." शेठला मराठी वाचता येत नाही, हा मुद्दा त्यानं गौण मानला.

माझी बायको गेली, आणि पुढच्याच वर्षी मुलगा अमेय कॅनडाला गेला. त्यानंतर माझ्या दाराची बेल जास्तच वाजायला लागली. डॉक्टर आले. सोसायटीचा वॉचमन आला. कॉलेजातल्या दोन मुली आल्या, "तीन भाग झाले वाचून, सुधाकरकाकांनी पाठवलंय." मी चहा टाकायचो आणि सुरू व्हायचो. चौथा भाग आधी वीस मिनिटांचा होता, तो अडीच तासांचा झाला. आजोबांना एक म्हैसही आली. आणि दर रविवारी सुधाकर स्वतः, सोफ्यावर मांडी घालून, "चल, चौथा सांग." इतक्या वर्षांत या माणसाला साधी शंका येऊ नये याचं मला मनातून हसू यायचं.

हॉस्पिटलात त्या दिवशी मात्र हसू आलं नाही. सिस्टर गेल्यावर मी म्हणालो, "सुध्या, एक सांगायचं होतं. तो चौथा भाग..."

त्यानं डोळे मिटले. "आजोबा आज जरा उशिरा आले रे. मागच्या वेळी लवकर आले होते." मी पाचवा भाग त्याच्या पिशवीत परत ठेवला आणि निघालो. तो माझ्या थापेवर विश्वास ठेवून गेला, हे मग पाच आठवडे मला टोचत राहिलं. बेलही वाजली नाही. एकदा वाजली, ती गॅसवाल्यानं चुकून वाजवली होती. त्यालाही मी विचारलं, वाचता का काही?

गेल्या रविवारी वहिनींनी पुस्तकं न्यायला बोलावलं. स्टीलच्या कपाटात, खालच्या खणात. सुधाकर प्रत्येक पुस्तकाला आदल्या महिन्याच्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घालायचा, त्यामुळे सगळ्यांच्या पाठीवर वहिनींच्या अक्षरात दूध नाही, सिलिंडर लावला, असं काहीबाही. मी मोजली. सात. पुन्हा मोजली. चौथ्या भागावर अकरा वर्षांपूर्वीचं पान होतं आणि एकोणीस तारखेच्या चौकोनात लिहिलं होतं : 'अमेय विमानतळ. विन्याला जेवायला आणणे.'

मी तिथेच फरशीवर बसून तो वाचला. खऱ्या चौथ्या भागात कुणी येत नाही. एकशे चाळीस पानं तारा एकटी बसते, हवा मोजते, मग स्वतःच दार ओढते आणि हात दारात अडकतो. बस, इतकंच. फार चांगलं लिहिलंय. तुम्ही 'खारग्रह' जरूर मिळवा. पहिले तीन झाले की चौथा शोधत बसू नका, मी घरीच असतो.

वहिनी समोर मटार सोलत होत्या. मी पुस्तक वर धरलं. विचारलं, "वहिनी, हा... हा त्यानं वाचला होता?"

त्यांनी मान वर केली नाही.

"दोनदा," म्हणाल्या.