पाण्यात ठेवलेले तीन ठोकळे

तुम्ही ज्या छताखाली बसून हे वाचताय, ते कुणी तपासलंय हे कधी विचारलंत का? नाही ना? मीही विचारलं नव्हतं. म्हणून आधी ठोकळेमास्तरांची ओळख करून घ्या.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. लढाईत आमचं बाळंतपणाचं इस्पितळ पडलं. ते पुन्हा बांधायला घेतलं, तेव्हा काँक्रीटचे नमुने भरायचं काम त्यांच्याकडे होतं. स्लॅब ओतताना त्यातलंच थोडं काँक्रीट लोखंडी साच्यात भरायचं, तीन थरांत, प्रत्येक थराला सळईचे पस्तीस ठोसे. दुसऱ्या दिवशी साचा खोलला की वीतभराहून जरा लहान, आठ किलोचा ठोकळा निघतो. तो अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचा आणि मग यंत्राखाली दाबून फोडायचा. किती दाबाला फुटला, त्यावरून स्लॅब किती पक्का ते ठरतं. बावीस वर्षं मास्तरांनी हेच केलं. पस्तीसचे चौतीस ठोसे कधी झाले नाहीत.

मजूर चिडवायचे, "मास्तर, घरी भाजीपण पस्तीस वेळा ढवळता का?"

मास्तर मान वर न करता म्हणायचे, "भाजी बिघडली तर कुणी मरत नाही."

इस्पितळाच्या साइटवर शेडच्या मागे एक छोटा मिक्सर होता. त्यात सिमेंट भरपूर, वाळू धुतलेली. त्यातलं घमेलंभर काँक्रीटही स्लॅबवर जात नसे. ते फक्त मास्तरांच्या साच्यांसाठी. मजूर त्याला 'जावयाचा मिक्सर' म्हणत. पुढच्या मोठ्या मिक्सरात निम्मं सिमेंट, निम्मी राख आणि मलब्यातून चाळलेली माती. मास्तर पहिल्याच दिवशी बोलले. कंत्राटदाराचा सुपरवायझर हसला.

"मास्तर, लढाई चालू आहे. काम तातडीचं आहे. तुम्ही ठोकळे भरा, देश आम्ही उभा करतो."

मास्तरांनी ठोकळे भरले. नमुने स्लॅबचेच आहेत, अशा कागदावर सह्याही केल्या. हे मी लपवणार नाही, आणि पुढे त्यांनीही लपवलं नाही.

पण त्यांची बायको त्याच इस्पितळात आया होती. इस्पितळ उघडलं की ती त्या छताखाली दिवसाचे बारा तास वावरणार होती. म्हणून पूर्व आणि पश्चिम, दोन्ही वॉर्डांचे स्लॅब ज्या दिवशी ओतले, त्या दिवशी मास्तरांनी मोठ्या मिक्सरातून तीन ठोकळे गुपचूप भरले. ओले असतानाच खिळ्याने तारीख कोरली. मग डब्याच्या पिशवीतून, दिवसाला एक, असे घरी आणले.

तक्रार घेऊन ते कचेरीत गेले. बाबूने वटहुकूम काढून दाखवला. लढाई संपेपर्यंत तातडीच्या कामांविरुद्ध तक्रार घेता येणार नाही. मास्तर परत आले आणि ठोकळे सांभाळत बसले. न्हाणीघरात टब, टबात ठोकळे, दर आठवड्याला ताजं पाणी.

"अहो, लोक घरात मासे पाळतात," बायको म्हणायची. "आपण दगड पाळलेत. निदान मासे तोंड तरी उघडतात!"

"वेळ आली की हेपण उघडतील," मास्तर म्हणायचे.

अशी तीन वर्षं गेली. लढाई संपली, वटहुकूम उठला आणि महिन्याभरात भर दुपारी पूर्वेच्या वॉर्डाचं छत खाली आलं. चार बाळंतिणी गेल्या. मास्तरांची बायको त्या वेळी पश्चिमेच्या वॉर्डात चादरी बदलत होती. पश्चिमेचं छतही त्याच दिवसाचं, त्याच मिक्सरातलं. ते अजून डोक्यावर होतं. तो वॉर्ड बंद व्हावा आणि बायको जिवंत घरी यावी, एवढ्यासाठी मास्तर चौकशी अधिकाऱ्यासमोर उभे राहिले. जावयाच्या मिक्सरापासून आपल्या सह्यांपर्यंत सगळं सांगितलं आणि तीन ठोकळे टेबलावर ठेवले. पडलेल्या छताचा तुकडाही कुठे उरला नव्हता. मलबा उचलायचं कंत्राटही त्याच कंत्राटदाराला मिळालं होतं, आणि हे काम मात्र त्याने दोन दिवसांत चोख केलं. म्हणजे पुरावा काय तो हे तीन ठोकळे.

आम्ही गावातले दहा-बारा जण बाहेरून प्रयोगशाळेच्या खिडकीला चिकटून उभे होतो. पहिला ठोकळा यंत्रात बसला. काटा चढू लागला. कुठे थांबायला हवा, ते मास्तरांना ठाऊक होतं. काटा तिथे थांबला नाही. चढत राहिला. पास व्हायच्या रेषेपलीकडे गेला आणि मग कुठे ठोकळा फुटला. दुसरा तसाच. तिसरा तर वरचढ निघाला.

आम्ही वेड्यासारखे एकमेकांकडे बघत होतो. मास्तर कुणाकडेच बघत नव्हते. त्यांना कळलं होतं.

कंत्राटदाराच्या वकिलाने मऊ आवाजात विचारलं, "हे ठोकळे घरी कसे ठेवले होतेत?"

"पाण्यात. ठोकळा पाण्यातच ठेवतात, साहेब."

"किती दिवस ठेवायचा असतो?"

"अठ्ठावीस."

"आणि तुम्ही?"

"तीन वर्षं," मास्तर म्हणाले.

निकृष्ट काँक्रीटसुद्धा वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं तर हळूहळू घट्ट होत जातं. मास्तर हे दुसऱ्याला शिकवत आले होते. पण ठोकळा कोरडा टाकायचा, हे त्यांच्या हाताला जमलंच नाही. पोरीला उपाशी ठेवल्यासारखं वाटायचं, असं नंतर म्हणाले. तिकडे खऱ्या स्लॅबला ओतल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत घोटभर पाणी मिळालं नव्हतं, तो उन्हात तडकत होता. मास्तर हे ओरडून सांगत होते. अधिकारी म्हणाला, "अहो, माझ्या फॉर्मात फक्त आकड्याचा रकाना आहे."

"मग पश्चिमेच्या छताला भोक पाडून नमुना काढा," मी खिडकीतून ओरडलो. शिपायाने मला तिथून हाकललं. नमुने पास झाल्यामुळे छत फोडायची गरज नाही, असा शेरा पडला.

आता कायदा ऐका आणि डोकं शांत ठेवता आलं तर ठेवा. लढाईच्या आणि पुनर्बांधणीच्या कामात राख ओतणं आमच्याकडे गुन्हा नाही. तो करारभंग. कंत्राटदार वर्षभर काळ्या यादीत जातो आणि मेव्हण्याच्या नावाने टेंडर भरतो. खोट्या नोंदीवर सही करणं मात्र गुन्हा आहे, आणि तो मास्तरांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केला होता. चार बाळंतिणी मेल्या आणि आरोपी एकच, ज्याने खरं सांगितलं तो. राख ओतणाऱ्याला कैद व्हावी म्हणून आम्ही गावकऱ्यांनी सरकारकडे कायद्याचा मसुदा तीनदा पाठवला. तिसऱ्यांदा पोचसुद्धा आली नाही.

मास्तर जामिनावर आहेत, काम सुटलंय. बायकोच्या पगारावर घर चालतं, म्हणून तिला वॉर्ड सोडता येत नाही. दुपारी ते तिचा डबा घेऊन जातात. पश्चिमेच्या छताला मधोमध एक तडा आहे. मास्तर स्टुलावर चढतात, तड्याच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ मारतात, शेजारी तारीख लिहितात. अशा नऊ रेघा झाल्यात.

परवा मी तिथेच होतो. बायकोने खालून विचारलं, "सरकला का हो?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"मग आज नवी रेघ कशाला मारलीत?"

मास्तरांनी पेन्सिल खिशात टाकली आणि डबा उघडून तिच्यापुढे ठेवला.

तुमची बहीण, सून, लेक पश्चिमेच्या त्या वॉर्डात दाखल झाली, तर माझं एवढं ऐका. मधल्या ओळीतली खाट घेऊ नका. नर्सशी भांडावं लागलं तर भांडा, पण खाट भिंतीलगत मागा.