इटलीचं मावंदं

काशीहून आलेल्याने मावंदं घालावं, गंगेच्या गडूची पूजा करावी, भावकीला पुरणाचं जेवू घालावं, हे वऱ्हाडातल्या मालेगावात कोणालाही समजतं. शालिग्रामभाऊंनी ते इटलीहून आल्यावर घातलं.

भाऊंचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. मागच्या हंगामात एका कंपनीचं औषध त्यांनी इतक्या नेटाने खपवलं, की ज्याच्या पिकावर अळी नव्हती त्यालाही फवारायला लावलं. कंपनी खूश झाली आणि नवरा-बायकोला आठवडाभराची इटलीची सहल मिळाली. बसमध्ये सगळे असेच दुकानदार, आणि मागच्या सीटवर पातेल्यांसकट नागपूरचा आचारी. त्यामुळे भाऊंनी रोममध्ये खिचडी खाल्ली, फ्लॉरेन्समध्ये पिठलं आणि व्हेनिसमध्ये भरली वांगी. जिभेला इटली लागलीच नाही. डोळ्यांना लागली तेवढी फोटोपुरती. प्रत्येक फोटोत मागे दोन हजार वर्षांचा एखादा खांब आणि पुढे पोटावर हात ठेवलेले भाऊ. खांब बरा दिसतो.

परत आल्यावर बाजार समितीत सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि भाऊंचं भाषण. त्या भाषणातली इटली म्हणजे स्वर्ग होती. रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. लोक उभ्या उभ्या घोटभर कॉफी पितात आणि कामाला लागतात, आपल्यासारखे टपरीवर तासभर बसत नाहीत. दुपारी दुकानं बंद ठेवून माणूस घरी जातो, बायको-पोरांत जेवतो. म्हाताऱ्यांनासुद्धा काय मान, संध्याकाळी चौकात बाकांवर रांगेने बसलेले असतात, इस्त्रीचे कपडे घालून. "मानसानं जगावं तं असं," भाऊ म्हणाले. टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून तालुक्यात ते 'इटलीवाले भाऊ' झाले, आणि दुकानात युरिया मागणाऱ्यालाही आधी थोडं रोम घ्यावं लागू लागलं.

हे सगळं सुखाने चाललं असतं. पण भाऊंच्या धाकट्या भावाची मुलगी मध्ये आली.

धाकटे बापूराव गावाबाहेर भाजीपाला पिकवतात. पहाटे मेथीच्या जुड्या बांधायच्या, वांगी निवडायची आणि बाजारात नेऊन बसायचं, एवढा त्यांचा व्याप. बोलणं कमी. त्यांची मुलगी संस्कृती कृषी पदवीधर झाली आणि तिने कोणाला न सांगता इटलीतल्या एका विद्यापीठात अर्ज केला. फळबागांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, वर शिष्यवृत्ती. जागा मिळाली. होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. बापूरावांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. या घरात गोऱ्हा विकायचा तरी मोठ्याला विचारतात. ते म्हणाले, भाऊ तिथे जाऊन आलेत, भाऊ म्हणतील तसं.

म्हणजे पोरीची दोन वर्षं आता त्या फोटोतल्या पोटाच्या हातात होती.

मावंदं रविवारी. पाटावर कलश, आणि कलशाशेजारी पाण्याची प्लॅस्टिकची बाटली. व्हेनिसच्या कालव्यातलं पाणी भाऊंनी नावेतून वाकून भरलं होतं आणि धोतरात गुंडाळून बॅगेतून आणलं होतं. गुरुजी घुटमळले. गंगा, यमुना, गोदावरी ठीक आहे, पुढे काय म्हणू, असं त्यांनी हळूच विचारलं. भाऊ म्हणाले, व्हेनिसच म्हणा. गुरुजींनी कावेरीनंतर काहीतरी तोंडातल्या तोंडात म्हटलं आणि घाईने फूल वाहिलं.

तीर्थ वाटलं गेलं. भावकीने डोळे मिटून घेतलं, उरलेलं डोक्याला पुसलं.

"खारट लागते ना जरासक?" भाऊंनी विचारलं. "समुद्राचं हाये ते."

चार जणांनी खारट लागल्याचं कबूल केलं. भाऊंच्या बायकोने, गोजराबाईने, ते पाणी सकाळीच मोरीत ओतून बाटलीत नळाचं भरलं होतं. तिने तो कालवा जवळून पाहिला होता.

पंगत बसली. बापूरावांनी पहिला घास घेतला, खाली ठेवला, आणि संस्कृतीचं विचारलं. ती वाढत होती. वरणाचं भांडं हातात तसंच धरून थांबली.

आणि तिथे, पुरणपोळीवर तूप पडता पडता, भाऊंची इटली बदलली. खांब तेच, माणसं तीच, पण स्वर्गाचा उकिरडा झाला.

लोक कामचोर, असं भाऊंनी सांगितलं. दुपारी दुकानं बंद करून ढाराढूर झोपतात. कॉफी दोन घोट देतात, तीही कडू विख, बसायला जागा नाही. म्हाताऱ्यांना घरात कोणी ठेवत नाही म्हणून ते चौकात बसतात. घरांचे पोपडे निघालेत, गल्लीत या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत चड्ड्या वाळत असतात. पाला कच्चा खातात, ढोरासारखा. हात हलवल्याशिवाय बोलत नाहीत, भांडतात की हसतात कळत नाही. पोरीच्या जातीने तिथे एक दिवस राहू नये.

"पन मोठे बाबा, सत्काराले तं तुमी..." संस्कृतीने सुरुवात केली.

"तू वाढ," भाऊ म्हणाले. "सत्कार येगळा, घर येगळं."

ती वाढू लागली. भाऊंना इटलीचा राग नव्हता. रागावण्याइतकी त्यांनी ती पाहिलीच नव्हती. पण ही पोट्टी दोन वर्षं राहून, तिथली भाषा बोलत परत आली, तर आठवडाभराच्या माणसाला तालुक्यात कोण विचारणार, हे त्यांना बरोबर कळत होतं. स्वतःच्या तोट्याचं गणित त्यांना झोपेतही येतं.

बापूराव जेवत राहिले. चेहऱ्यावरून तर पोरीचं काम संपल्यात जमा होतं. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "भाऊ, तेथी भाजीबजार कसा हाये?"

"भाजीबजार?"

"हाव. सकायचा. कोन बसते, माल कसा मांडते."

"मी कायले पाहू भाजीबजार, बापू? आचारी होता ना सोबत."

"वावर एखादं?"

"बसमधून दिसे. हिरवं हिरवं."

बापूरावांनी भावाकडे पाहिलं. घरात तसं त्यांना कोणी कधी पाहताना पाहिलं नसेल. बाजारात पिशवीत वर चांगला माल दाखवणारा आणि खाली सडका घालणारा माणूस सापडला, की ते असं बघतात. बोलत नाहीत, पुढल्या वेळी त्याच्याकडून घेत नाहीत.

"मी पाह्यला बजार," गोजराबाई म्हणाली. तिच्या हातात तुपाची वाटी होती.

भाऊंनी विचारलं, कधी. तुमी झोपले होते तवा, असं उत्तर आलं. हॉटेलच्या मागच्याच चौकात पहाटे पालं लागली होती, आवाज ऐकून ती खाली उतरली होती. एक म्हातारी कमळाच्या कळीसारखी भाजी सोलत होती, बाहेरची पानं काढून टाकत होती आणि आतला गाभा लिंबाच्या पाण्यात. बोटं काळी झालेली. "इतकी पानं फेकली तिनं, मी म्हनलं हिच्या घरी म्हैस नाई काय." गोजराबाई उभी राहून बघत होती, तर म्हातारीने दुसरी सुरी काढून दिली. दोघींनी टोपलीभर सोललं. ती तिच्या भाषेत बोलत होती, ही वऱ्हाडीत. सुनेविषयी बोलत असावी, असं गोजराबाईला वाटलं, कारण सुरी जोरात चालत होती.

"तू मले सांगतलं नाई," भाऊ म्हणाले.

"तुमी विचारलं नाई."

पंगतीत कोणीतरी हसलं आणि खोकल्याचं निमित्त केलं.

"बसाले देलं तुले?" बापूरावांनी वहिनीला विचारलं.

"देलं ना. सोताच्या बुडाखालचं खोकं देलं, अन् थे उभी राह्यली."

"बोहनीच्या टायमाले?"

"बोहनी व्हयाची होती."

बापूरावांनी मान हलवली. बोहनी व्हायच्या आधी समोर नुसतं उभं राहणाऱ्याला ते स्वतः हाकलून देतात. मालेगावच्या बाजारात सगळेच हाकलतात. त्यांनी पोळी मोडली. मग म्हणाले, "जाऊ दे पोरीले."

भाऊंनी ताट सरकवलं. काही वाईट झालं तर माझ्याकडे यायचं नाही, असं ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत संस्कृती वरणाचं भांडं ठेवून मोबाइल आणायला आत गेली होती. होकार तिने चुलीपाशीच बसून पाठवला, सोमवारची वाट न पाहता.

सोमवारी दुकान उघडलं. रिसोडचं एक गिऱ्हाईक सोयाबीनचं बियाणं घ्यायला आलं होतं. पुतणी इटलीला चालली म्हणे, असं त्याने विचारलं. भाऊंनी पोटावर हात ठेवला.

"पाठवनं पडते, बावा. बापू तं नाईच म्हने, मीच समजावलं त्याले. आपले लोक पाह्यजेत तेथी. आन् मानसं मोठी मायाळू आहेत तिकडची. भर बजारात मले खोकं देलं बसाले, सोता उभे राह्यले."