तलावांची साइट आणि योगेश

मामीचा फोन आला तेव्हा मी सालेकशाच्या शाळेत सातवीला भूगोल शिकवत होते. "योगेश गेला गं..." एवढंच ती बोलली. योगेश माझा मामेभाऊ, वयानं माझ्याहून बराच लहान. किडनीच्या आजारानं तो पार थकला होता, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. तरी मुलांकडे पाठ करून मी फळ्यावरच्या नकाशासमोर कितीतरी वेळ उभी राहिले. आता काही आठवडे उलटलेत, आणि रडण्यापेक्षा त्याच्याविषयी सांगावंसं वाटतंय.

पुण्यात तो सॉफ्टवेअरच्या नोकरीत होता. डायलिसिस सुरू झालं तसा गोंदियाला परतला, घरूनच झेपेल तेवढं काम करू लागला आणि उरल्या वेळात त्यानं एक वेबसाइट उभी केली... आपल्याकडच्या, मालगुजारांनी शेतीसाठी बांधलेल्या जुन्या मालगुजारी तलावांची. प्रत्येक तलावाचं एक पान. गावातलं नाव, पाळीची म्हणजे बांधाची अवस्था, पाणी धानाच्या कुठल्या बांध्यांना जातं, गाळ कधी उपसला. साइटचा कोड त्यानं सगळ्यांना खुला ठेवला होता. कुणीही घ्यावा, सुधारावा, परत पाठवावा. मी विद्यार्थ्यांच्या गावांतून माहिती गोळा करायची, त्याला व्हॉट्सअॅपवर धाडायची, आणि तो ती चढवायचा. मला वाटायचं, उत्तम चाललंय.

एका रविवारी दुपारी मी गोंदियाला त्याच्या घरी गेले, तर तो म्हणाला, "ताई, आता माहिती नको पाठवू. साइटच तुझ्या लॅपटॉपवर घे." म्हणजे काय, तेही त्यानं समजावलं. जगाला दिसते ती साइट वेगळी. तिची अख्खी प्रत आपल्या लॅपटॉपवर चालवायची, बदल आधी तिथं करून बघायचा. बिघडलं तर आपल्यापुरतंच बिघडतं. "आधी वाफ्यात धानाचे पऱ्हे टाकतो, मंग बांधीत रोवणी करतो ना आपण? तसंच." ऐकायला सोपं होतं. करायला बसले आणि रडकुंडीला आले. सूचना इंग्रजीत, पडद्यावरच्या काळ्या खिडकीत लाल अक्षरं. माहिती साठवणारा डेटाबेस बसेना, बसला तर साइटला तो सापडेना. "तूच करून टाक ना रे," मी वैतागून म्हणाले. त्यानं लॅपटॉपला हात लावला नाही. डायलिसिसची पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून शेजारी बसून राहिला. "काऊन घाबरून राहिली? लाल अक्षरं वाच. ते शिव्या नाही देऊन राहिले, चूक कुठं आहे ते सांगून राहिले."

असे कितीतरी रविवार गेले. मग एकदा पडद्यावर दरेकशाच्या तलावाचं पान उघडलं, आणि ते माझ्याच लॅपटॉपवरून उघडलं होतं! मी ओरडलेच. मामी स्वयंपाकघरातून धावत आली. योगेश मात्र शांतपणे म्हणाला, "आता कुठं कुठं अडकली ते मराठीत लिही. तू जिथं अडकली, तिथंच पुढचा माणूस अडकन." माझी अडचणसुद्धा कुणाच्या कामाची असू शकते, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं... मी लिहून पाठवलं. त्यानं ते साइटवर सगळ्यांना दिसेल असं परत केलं, खाली शेरा मारून : मधली एक पायरी सुटली आहे. मला रागच आला. "भाऊ असून असं करतोस?" तर हसून म्हणाला, "तिथं मी भाऊ नाही ताई, वाचणारा आहे." पायरी घातली, लेखन स्वीकारलं गेलं, आणि सहभागींच्या नावांत माझं नाव आलं. शाळेत एकाही शिक्षकाला मी ते दाखवायचं सोडलं नाही.

पुढे त्यानं आलेले बदल स्वीकारण्याचे अधिकारही मला दिले. कशाला, असं मी विचारलं. "एका माणसाच्या भरवशावर साइट नाही ठेवत."

तो गेल्यानंतर थोड्याच दिवसांत देवरीकडच्या एका कॉलेजातल्या मुलीचा बदल आला. मी लिहिलेल्या मराठी सूचना वाचून तिनं साइट आपल्या लॅपटॉपवर चालवली होती, तिच्या गावचा तलाव जोडला होता, आणि लिहिलं होतं, "योगेश सर, बघून घ्या." मी प्रत उतरवून घेतली, चालवून बघितली, सगळं नीट होतं. स्वीकारलं. मग तिला योगेशबद्दल कळवलं. काम अडलं नाही. अडू नये हीच तर त्याची धडपड होती.

मागच्या रविवारी मामीकडे गेले. ती त्याच्या खोलीत गेली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "दिवसभर काय करून राहायचा गं तो? मले कधी समजलंच नाही." तिचं माहेर चोरखमाऱ्याकडचं. मी तिच्या गावच्या तलावाचं पान उघडून वाचून दाखवलं. ती कान देऊन ऐकत होती. मध्येच म्हणाली, "शिंगाड्याचं नाही लिहिलं का त्यानं? लहानपणी आम्ही तिथं शिंगाडे काढायले जात होतो."

"नाही लिहिलं, मामी."

"मंग लिही ना."

मी लॅपटॉप जवळ ओढला. मामीनं पदरानं डोळे पुसले, खुर्चीत सावरून बसली आणि पाणी कुठवर यायचं तिथपासून सांगायला लागली...